तीन साखळ्या पश्चिमेला

मक्याची कापणी सुरू झाली की मला भीती वाटायला लागते.

इथे लोक बर्फाला भितात. निसरड्या रस्त्याला भितात, विंटर टायर वेळेत बदलले नाहीत तर काय, याला भितात. माझं उलटं आहे. पहिला खरा बर्फ पडला, जमीन घट्ट गोठली, की माझा जीव भांड्यात पडतो. मला भीती असते ती त्याच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांची. तेव्हा पीक निघालेलं असतं, शेतं उघडी पडलेली असतात आणि माती अजून फावड्याला वाट देत असते. टोरोंटोच्या बाहेर तास-दीड तास गाडी हाकली की दोन्ही बाजूंना नुसती मक्याची धसकटं दिसतात. त्यांत सांडलेले दाणे टिपायला रानहंसांचे थवे उतरलेले असतात आणि हवेला सुक्या पाल्याचा वास असतो. दिवस सुंदर असतात, नाही कशाला म्हणू? पण नेमक्या याच दिवसांत विनायक बेसमेंटमधल्या लॉकरमधून आपलं मशीन वर आणतो आणि बॅटरी चार्जिंगला लावतो.

विनायक माझा नवरा. पुण्यात आम्ही एकाच कंपनीत होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानांवर हेडफोन. चकती जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची, खाली धातू असला की कानात आवाज येतो, मग खणायचं. रिटायर झाल्यावर पुरुषाला काहीतरी छंद हवा, नाहीतर तो दिवसभर आपल्या मागे फ्रिज उघडत फिरतो, असं मीच त्याला म्हणाले होते. भोगा आता आपल्या कर्माची फळं.

यंदा मशीन वर आणलं त्या दिवशी त्याने चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ग्लेनच्या शेजाऱ्याने परवानगी दिलीय. त्याच्याकडेही एक जुनी वस्तीची जागा आहे म्हणे. शनिवारपर्यंत नकाशा करशील?"

मी "बघते" म्हणाले. गेले दोन हंगाम मी नकाशा केलेला नाही. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी गुडघ्याचं. बिचारा दोन वर्षं तलावाकाठच्या वाळूत बाटल्यांची बुचं उकरत राहिला. वाळूत विहिरी नसतात, म्हणून मला ते चालत होतं. त्याला वाटतं, त्या पडझडीच्या दिवसाची मी हाय खाल्ली आहे. ते खरंच आहे. पण त्या दिवसातली एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती, आणि ती सांगितल्याशिवाय नवीन कागदावर रेघ ओढायला माझा हात धजत नव्हता. सांगितली, तर तो पुन्हा कधी माझ्या नकाशावर पाऊल ठेवेल का, हीही भीती होतीच.

नकाशाचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आधी सांगायला हवं. मशीन असून भागत नाही. एवढ्या मोठ्या ओंटारिओत चकती फिरवायची कुठे? त्यासाठी जुने नकाशे लागतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशांत इथल्या एकेका गावाची शेतं पट्ट्यापट्ट्यांनी आखलेली आहेत. पट्ट्यावर मालकाचं नाव, घर असेल तिथे काळा ठिपका, सफरचंदांची बाग असेल तिथे बारीक टिंबं. आज तिथे जाल तर घर नसतं, बाग नसते, मालकाचं नावही कुणाला ठाऊक नसतं. पण दोन पिढ्या माणसं ज्या अंगणात वावरली, तिथे त्यांच्या हातून काय काय पडलेलं असतं, आणि ते कुणी उचललेलं नसतं. मी जुना नकाशा कॉम्प्युटरवर घेते, त्याच्याखाली आजचा सॅटेलाइटचा फोटो ठेवते, रस्त्यावर रस्ता आणि ओढ्यावर ओढा बसवते. सगळं जुळलं की तो काळा ठिपका आजच्या जमिनीवर कुठे पडतो, ते दिसतं. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षं डोळे फोडले, पण त्या ठिपक्याने जो आनंद दिला तो त्यात कधी मिळाला नाही.

मग प्रत्यक्ष जाऊन बघायचं. घराच्या खुणा झाडंच सांगतात. निर्जन माळावर मध्येच जांभळ्या फुलांच्या लायलॅकचं झुडूप दिसलं, की समजायचं, इथे दार होतं. कुणीतरी बाईने दाराशी हौसेने लावलेलं. माणसं गेली, भिंती गेल्या, चूल गेली, आणि लायलॅक दर मे महिन्यात कुणासाठी म्हणून फुलत राहिलं. अशा ठिकाणी उभं राहिलं की मला नेहमी थोडी धास्ती वाटायची, कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखी.

आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे या सापडलेल्या वस्तूंनी भरले आहेत. पितळी बटणं, शिवताना बोटात घालायचं टोपण, तोंडाने वाजवायच्या बाजाची एक पट्टी, घोड्याचे नाल इतके की ठोकायला दारं पुरायची नाहीत. एक लहान चमचा आहे, त्याच्या कडेवर दातांच्या खुणा आहेत. ते पोर मोठं होऊन, म्हातारं होऊन, मरूनही जमाना झाला असेल. विनायकला त्या चमच्याचं फार कौतुक. मी तो हातात घेत नाही.

सगळ्यांत जुन्या नकाशांवर तर घरंही नाहीत. नुसत्या सरळ रेघा, मध्ये कोरा कागद. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, किती छान, कोरी जमीन! मग लाज वाटली. जमीन कोरी नव्हती, मोजायला आलेल्यांनी आधीची माणसं लिहिली नव्हती, इतकंच. म्हणून आमचा नियम असा, की दगड घासून केलेलं बाणाचं टोक किंवा खापर दिसलं तर हात लावायचा नाही, जागेवर ठेवून मालकाला सांगायचं. नकाशात जे नाही ते जमिनीत नसतंच असं नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग झाला?

माझे बाबा भूकरमापक होते, सरकारी मोजणीदार. बदली दहिवडीला असताना मी नऊ-दहा वर्षांची असेन. माण तालुक्यातली ज्वारी निघाली की मोजणीचे दिवस सुरू व्हायचे, कारण पीक उभं असताना बांध दिसत नाही. मीटरचा जमाना आला होता, पण जुन्या टिपणांशी ताळा करायचा तर बाबा जुनी लोखंडी साखळीच काढत. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. तिचं मागचं टोक धरून उभं राहायचं काम सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे असायचं. मी खुंटीशी टोक दाबून बसायची आणि बाबा धसकटांतून पुढे पुढे जायचे. साखळी ताणली गेली की मागे न बघता ओरडायचे, "आहे का?" मी सगळा जीव घशात आणून ओरडायची, "आहे!" म्हणजे टोक जागेवर आहे, हललेलं नाही, आता खूण करा. मग माझी पाळी पुढे पळायची. अशा किती साखळ्या मी पळाले असेन कोण जाणे. तेहतीस फूट म्हणजे किती, हे मला कधी मोजावं लागलं नाही. मोठी झाल्यावर तेरा पावलं. ते माझ्या पायांत बसलंय.

बाबांच्या दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. एक म्हणजे शेतात शिरताना ते आधी विहिरी विचारायचे. "विहीर आधी, बाकी सगळं नंतर." माणमधल्या कोरड्या, कठडा नसलेल्या विहिरी. काठावर बाभळ वाढलेली असायची आणि दिसायचंच नाही. माझा हात धरून ते एकेक विहीर लांबून दाखवायचे, आणि रात्री स्वप्नात मी तिच्यात डोकवायची. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण. एक साखळी म्हणजे किती, कागदावर किती, जमिनीवर किती. "प्रमाण लिहिलं नाही तर तो नकाशा नव्हे, ते चित्र," म्हणायचे.

मी चित्र काढलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात ग्लेन भेटला. सत्तरीचा शेतकरी, अबोल, टोपी कधी न काढणारा. त्याच्या मक्याच्या पलीकडे ओढ्याच्या अंगाला एक-दोन एकरांचा तुकडा होता. तिथे कधी नांगर गेला नव्हता. मका उभा असताना तिथे पोचता यायचं नाही, म्हणून आम्ही कापणीची वाट बघत होतो. ग्लेनच्या आजोबांनी ज्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांचा एक हाताने काढलेला कागद त्याच्या स्वयंपाकघरातल्या खणात होता. त्यावर घर, गोठा, बाग, सगळं होतं. आणि तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'वेल, थ्री चेन्स वेस्ट ऑफ हाऊस'. विहीर, घरापासून पश्चिमेला तीन साखळ्या.

त्या ओळीने मला काय वाटलं, ते कसं सांगू? चेन! इतक्या दूर, परक्या देशात, परक्या हस्ताक्षरात माझ्या बाबांची साखळी. मला गहिवरून आलं. आणि माणूस गहिवरला की विचारायचं विसरतो.

घर सापडायला वेळ लागला नाही. लायलॅक होतं, पायाचे चार दगड होते. मी बाबांच्या शिस्तीने आधी विहिरीला निघाले. पश्चिमेला तोंड करून चाळीस पावलं. तेरा, तेरा, तेरा, वर एक. आणि नेमका तिथे खड्डा! उथळ, गवताने भरलेला, कडेला दगड. "माझ्या वडिलांनी बुजवली असेल कधीतरी," असं ग्लेनही म्हणाला होता. माझी छाती अशी फुगली. मी त्या खड्ड्याभोवती काठ्या रोवल्या, शिकारी लोक वापरतात ती नारिंगी फीत बांधली, आणि विनायकला बजावलं, "फितीच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाकीचं सगळं रान तुझं."

हे माझे शब्द. मी ते अजून ऐकते.

दुपारी चारचा सुमार असेल. माझा गुडघा ठणकायला लागला, म्हणून मी रस्त्याकडेला गाडीत येऊन बसले होते आणि थर्मासमधला चहा पीत होते. धसकटांपलीकडे विनायकचं नारिंगी जाकीट हलताना दिसत होतं. ग्लेनचा पिकअप येऊन थांबला. तो खाली उतरला, माझ्या मांडीवरचा कागद बघून खूश झाला, आणि स्वभावाविरुद्ध बोलायला लागला. आधी जमीन मोजली, मग रस्ते सोडले, मग माणसं आली.

"हे आपल्याकडचे जुने रस्ते सगळे वन चेन वाइड," तो म्हणाला. "कुंपणापासून कुंपणापर्यंत. सिक्स्टी-सिक्स फीट."

"थर्टी-थ्री," मी हसून म्हणाले. चुकतोय बिचारा.

"नो मॅम. सिक्स्टी-सिक्स. आजोबांची चेन अजून बार्नमध्ये टांगलीय."

मी रस्त्याकडे बघितलं. या कुंपणाशी खळगा, मग खडी, मग डांबराचे दोन पट्टे, मग खडी, मग खळगा, आणि पलीकडचं कुंपण. सकाळी पलीकडच्या कुंपणावरचा जुना दगड बघायला मी तो ओलांडला होता. सवयीने पावलं मोजली होती. सव्वीस.

पायाखालची जमीन सरकणे, हा वाक्प्रचार मी आयुष्यभर सैल हाताने वापरला. गॅस सिलिंडर संपला तरी वापरायचे. आता नाही वापरत. गाडीचं दार उघडं टाकून, गरम चहा अंगावर सांडून मी त्या धसकटांत पळत सुटले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. चाळीस नाही, एकोणऐंशी. चाळीस नाही, एकोणऐंशी. विहीर फितीच्या आत नव्हती, तो कुठला तरी दुसराच खड्डा होता. ती त्याच्या पुढे तितकीच लांब होती, बाकीच्या रानात. जे सगळं रान मी त्याला देऊन टाकलं होतं.

एकसष्ट वर्षांची बाई मक्याच्या धसकटांतून पळते, तेव्हा ते पळणं दिसत कसं असेल देव जाणे. ती धसकटं भाल्यासारखी उभी असतात. दोनदा पडले. हाका मारत होते आणि मला माहीत होतं की त्याच्या कानांवर हेडफोन आहेत. नारिंगी जाकीट हलायचं थांबलं होतं. ते खाली बसलं होतं.

तुकड्यापाशी पोचले तेव्हा तो रानद्राक्षांच्या वेलीशेजारच्या सपाट गवतावर गुडघे टेकून खणत होता. पाठ माझ्याकडे. इतकं सपाट, इतकं मऊ गवत, की डबा खायला बसावं. त्याला तिथे जबरदस्त आवाज मिळाला होता, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मिळणारच. विहिरीवर लोखंडी पंप असतो, त्याच्या पट्ट्या असतात. तिनेच त्याला बोलावून घेतलं होतं.

आणि मी दहा पावलांवर थांबले. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नसेल. धावत जाऊन त्याला ओढावं, असं हात म्हणत होते. पण विहिरीवर टाकलेल्या, गवताखाली कुजलेल्या फळ्यांवर दोघांचं वजन पडलं असतं तर? मोठ्याने किंचाळले आणि तो दचकून उठला तर? मी वाकून शेताच्या कडेचं एक राहिलेलं कणीस उचललं आणि त्याच्या पाठीवर फेकलं.

तो वळला. माझं ध्यान बघून हसायला लागला आणि उठू लागला. मी तळहात खाली दाबून दाखवला. त्याने हेडफोन काढले.

"काय गं? काय झालं?"

"उठू नकोस."

"अगं, काहीतरी मोठं आहे खाली. लोखंड वाटतंय..."

"विनायक, तू विहिरीवर आहेस. पोटावर झोप."

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं पहिल्या सांगण्यात कधी ऐकलेलं नाही. डॉक्टरांचंही नाही. त्या दिवशी ऐकलं. माझ्या आवाजात काय होतं, मला माहीत नाही. तो हळूच आडवा झाला, हात पसरले आणि कोपरांवर सरपटत माझ्याकडे यायला लागला. खालून कुरकुर ऐकू येत होती, जुन्या कपाटाचं दार उघडताना येते तशी. मीही आडवी झाले. त्याची बोटं माझ्या हाताला लागली, मग मनगट, मग मी ओढलं. त्याचे बूट गवताच्या त्या सपाट चौकोनावरून निघाले आणि मागचा हिरवा तुकडा नुसता खाली बसला. त्याने खणायला रोवलेलं फावडं उभ्या उभ्या नाहीसं झालं. मध्ये एक श्वास घेण्याइतका वेळ गेला. मग खाली पाणी वाजलं.

"गेलं ना फावडं," विनायक म्हणाला. आणि मग त्याचे दात वाजायला लागले.

ग्लेन धापा टाकत आला, त्याने ते काळं भोक बघितलं, आणि टोपी काढली. दुसऱ्या आठवड्यात त्याने माणसं बोलावून विहीर वरपर्यंत बुजवून घेतली. त्या दिवशी आम्ही निघताना त्याने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे वेगळं मोजतात का?" मी गाडीत जाऊन बसले. त्याला काय कळलं आणि काय नाही, तो कधी बोलला नाही.

पुढचं सगळं विनायकने केलं. दिवाळीच्या जेवणात, गणपतीच्या आरतीनंतर, नवीन कुणी भेटलं की त्याची गोष्ट सुरू. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्या जुन्या कागदातच चूक, हो! पण हिला बघा, अर्ध्या मैलावर गाडीत बसून आतून कळलं. सिक्स्थ सेन्स!" लोक माझ्याकडे भक्तिभावाने बघायचे. एक बाई तर मला सावित्री म्हणाल्या. हातातला मोदक हातातच राहिला. यमाच्या दारातून नवरा परत आणणारी सावित्री ठीक आहे, पण त्याला दाराचा पत्ता देणाऱ्या बाईला काय म्हणतात? मी हसून मान खाली घालायची आणि लोकांना तो विनय वाटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजवायची, पण त्या मुठीत नखं रुतत होती.

तेव्हापासून मी यंग स्ट्रीटच्या फुटपाथवरच्या लोखंडी जाळ्यांवरून चालत नाही, वळसा घालते. खालून सबवे गेली की त्यांतून गरम हवा येते आणि माझे पाय गार पडतात. मॉलमध्ये, ग्रोसरीच्या रांगेत, कॉन्डोच्या कॉरिडॉरमध्ये पावलं मोजते. आमची लेक ईरा व्हँकुव्हरला असते. ती फोनवर म्हणते, "आई, इट्स जस्ट अ हॉबी. लेट हिम गो." तिलाही तिच्या बाबांचीच गोष्ट माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी मी कागद काढला. जुना नकाशा, नवा फोटो, रस्त्यावर रस्ता, ओढ्यावर ओढा. शेजाऱ्याच्या शेतात काळा ठिपका नेमका दिसला. या वेळी विहिरीचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि त्याने तर जास्तच धडकी भरली. घर होतं म्हणजे विहीर होतीच. मी ठिपक्याभोवती सहासष्ट फुटी साखळ्यांनी चार साखळ्यांचं मोठं वर्तुळ काढलं आणि आत लिहिलं, 'काठीने ठोकल्याशिवाय पाऊल नाही'. मग पेन उजव्या कोपऱ्यात नेलं. किती वेळ ते तिथे धरून बसले होते! शेवटी लिहिलं, 'एक साखळी = सहासष्ट फूट', आणि विनायकपुढे ठेवलं.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. बोट फिरत फिरत कोपऱ्यापाशी थांबलं.

"हे नवीन आहे. मागच्या नकाशावर नव्हतं."

"नव्हतं."

"तेव्हा किती धरली होतीस?"

"तेहतीस. बाबांची."

गणित त्याचं माझ्याहून चांगलं. त्याचे ओठ हलले. मला एकेक पायरी दिसत होती. खड्डा, फीत, फितीबाहेरचं रान.

"म्हणजे बाकीचं रान मोकळं, असं जे तू..."

"हो. मीच म्हणाले."

त्याने चष्मा काढून नकाशावर ठेवला. मग म्हणाला, "विहिरीचं जाऊ दे. तीन वर्षं मला लोकांपुढे बडबडू दिलंस? सिक्स्थ सेन्स म्हणून?"

"भीती वाटली."

"कशाची? मी तर वाचलो होतो."

"तू पुन्हा माझ्या नकाशावर चालणार नाहीस, याची."

तो उठून आत गेला. नकाशा टेबलावरच राहिला. संध्याकाळी आम्ही खिचडी खाल्ली, ताक घ्यायचं का, एवढंच बोललो. मला वाटलं, संपलं. श्रीखंडाचे डबे, लायलॅक, काळे ठिपके, सगळं संपलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला विहिरीहून या शांततेची भीती जास्त वाटली.

शनिवारी सकाळी दाराशी मशीन टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी माझे बूट होते. बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपाला लावलेली लांब काठी होती, आणि हार्डवेअरच्या दुकानातली शंभर फुटी टेप.

"चल," विनायक म्हणाला. "आज पुढे तू."

शेतात कोवळं ऊन होतं. धसकटांवर रात्रीचं दहिवर पांढरं दिसत होतं आणि रानहंसांनी नुसता कालवा मांडला होता. लायलॅक सापडलं. पायाचा दगड सापडला. विनायक खाली बसला आणि त्याने टेपचं टोक दगडावर अंगठ्याने दाबून धरलं. मी काठी घेतली आणि निघाले. ठोकायचं, ऐकायचं, मग पाऊल. ठोकायचं, ऐकायचं, मग पाऊल. माझी छाती इतकी धडधडत होती की जमिनीचा आवाज कुठला आणि माझा कुठला, ते कळेना. प्रत्येक मऊ गवताला मी भीत होते. मागे वळून बघावंसं वाटत होतं, तो उठला तर नाही ना, भलतीकडे गेला तर नाही ना. बघितलं नाही. वळलं की रेघ चुकते.

सहासष्ट फुटांवर मी टेप ताणली आणि मागे न बघता ओरडले, "आहे का?"

हे त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. दहिवडीच्या गोष्टी सांगताना कधीतरी बोलले असेन, तेवढंच. मागून काही आलं नाही. हंस ओरडत होते. मी टेप घट्ट धरून उभी राहिले.

"आहे!" विनायक ओरडला.

मी वाकून मातीत खुंटी ठोकली.